रसायनांचा वास सोसत नाही त्यांच्यासाठी गादी : लॅटेक्सवर दिवाळी ते श्रावण

गेल्या दिवाळीनंतर घेतलेल्या गादीवर हिवाळा, पुण्यातला उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा काढून झाला आहे, म्हणून आता सविस्तर लिहिते. गादी सहा इंच जाडीची, नैसर्गिक लॅटेक्सची (म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाची), एकाच अखंड ठोकळ्याची आहे. तिला चेनची सुती खोळ आहे आणि वर कापसाची पातळ गादी. मी आता रात्रभर सलग झोपते आणि सकाळी डोकं जड नसतं. ज्यांना असा त्रास आहे त्यांनाच या एका वाक्याची किंमत कळेल.

माझा त्रास असा. ताजा रंग, नवं फर्निचर, फरशी पुसायचं वासाचं औषध, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, यांच्या सहवासात तासभर गेला की घसा धरतो, डोळे चुरचुरतात, कपाळावर वजन ठेवल्यासारखं होतं. तपासण्यांत दमा निघाला नाही, धुळीतल्या बारीक किड्यांची अ‍ॅलर्जी मात्र निघाली. बाकीच्या त्रासाला इंग्रजीत ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ म्हणतात. अमेरिकेतले डॉक्टर मार्क कलन यांनी १९८७ मध्ये त्याची व्याख्या केली. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत तो स्वतंत्र आजार म्हणून नाही. शिवाय, समोर रसायन आहे की नुसती हवा हे न सांगता केलेल्या चाचण्यांत अशा लोकांना दोन्हींतला फरक खात्रीने ओळखता आलेला नाही. हे वाचल्यावर मला वाईट वाटलं, पण त्यातून गादी निवडायची पद्धतही सापडली. तिच्याविषयी पुढे लिहिते.

आधी फोमबद्दल. बाजारातल्या बहुतेक गाद्या, मेमरी फोमच्यासुद्धा, पॉलियुरेथेनच्या असतात. पॉलिऑल आणि डायआयसोसायनेट या दोन रसायनांची अभिक्रिया होऊन तो फोम फुलतो, आणि ती वेगाने व्हावी म्हणून उत्प्रेरक घालावे लागतात. त्यांत अमाईन नावाची रसायनं असतात आणि नव्या फोमच्या वासात त्यांचा मोठा वाटा असतो. हल्ली गादी दाबून, गुंडाळून, प्लास्टिकमध्ये बंद करून घरपोच येते. त्यामुळे कारखान्यात उडून गेला असता तो वास आपल्या झोपायच्या खोलीत मोकळा होतो. शिवाय तापमान वाढलं की ही वाफ जास्त निघते, आणि अंगाची ऊब रात्रभर गादीलाच मिळत असते. दुकानात एसीखाली पाच मिनिटं पडून पाहण्यात म्हणूनच काही अर्थ नाही.

फोमची प्रत्येक गादी वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या बहिणीला तिच्याकडच्या फोमचा काही त्रास नाही. सर्टिपूर-यूएस हे प्रमाणपत्र असलेल्या फोममधून बाहेर पडणाऱ्या वाफाळ रसायनांवर ०.५ पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत अर्ध्या भागाची, मर्यादा असते. पण ते प्रमाणपत्र फक्त फोमचं असतं. वरचं कापड, थर चिकटवायचा गोंद, कापडावर मारलेलं ‘अँटिबॅक्टेरियल’ औषध हे सगळं त्याच्या बाहेर राहतं. ओईको-टेक्स स्टँडर्ड १०० या दुसऱ्या प्रमाणपत्रासाठी तयार मालातल्या घातक द्रव्यांची तपासणी होते आणि त्याचा पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या वस्तूंसाठी असतो. दुकानदाराला मी हेच विचारत असे, की प्रमाणपत्र नेमकं कशाचं आहे, कापडाचं, फोमचं की पूर्ण गादीचं? बऱ्याच ठिकाणी उत्तर कापडापाशीच थांबलं. एका मोठ्या दुकानात तर ‘कॉयरची नैसर्गिक गादी’ म्हणून दाखवलेल्या गादीची कापलेली कड पाहायला मागितली, तेव्हा आत काथ्याचा एक थर आणि वरखाली फोमचे तुकडे दाबून केलेले दोन थर दिसले. विकणाऱ्या मुलाची यात चूक नव्हती, त्यालाही ते ठाऊक नव्हतं. पण गादी कापून दाखवायला तयार नसलेल्या दुकानातून, किंवा सगळ्या थरांची नावं कागदावर लिहून न देणाऱ्या कंपनीकडून, आपल्यासारख्यांनी काही घेऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे.

आता ती पद्धत. वेगवेगळ्या ठिकाणांहून मी तळहाताएवढे नमुने मागवले. दोन प्रकारचं लॅटेक्स, रबर मारलेला काथ्या, साधा फोम, मेमरी फोम आणि पिंजलेला कापूस. बहुतेक जण मागितल्यावर पाठवतात. नवरा रोज रात्री त्यांतला एक तुकडा जुन्या, धुतलेल्या अभ्र्यात घालून माझ्या उशीशेजारी ठेवत असे. कोणता ते मला सांगायचा नाही, आणि मधूनमधून नुसता रिकामा, घडी घातलेला अभ्राच ठेवायचा. सकाळी उठल्यावर मी घसा, डोळे, डोकं कसं आहे ते लिहून ठेवायची. महिनाभराने आम्ही दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या. मेमरी फोमच्या रात्री माझ्या वहीत स्पष्ट दिसत होत्या. काथ्याच्याही, आणि याचं मला आश्चर्य वाटलं, कारण काथ्या मला निर्धोक वाटला होता. रिकाम्या अभ्र्याच्या काही रात्रीही मी ‘डोकं जड’ लिहिलं होतं, म्हणजे थोडा भाग भीतीचाही आहे, आणि तो मान्य करूनच निर्णय घ्यायला हवा. नमुन्यांना प्रत्यक्ष वास असतो, त्यामुळे ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. तरी लॅटेक्सच्या एका प्रकाराला आणि कापसाला माझ्या वहीत जवळजवळ काहीच तक्रार नव्हती. पैसे कुठे घालायचे ते त्यावरून ठरलं.

लॅटेक्सबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ‘नैसर्गिक’ एवढ्या शब्दावर ते विकलं जातं. रबराच्या झाडाचा चीक फेसून, साच्यात ओतून, वाफेवर पक्का करतात. ही डनलॉप पद्धत १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये निघाली. आपल्याकडे चीक येतो तो प्रामुख्याने केरळातून. पक्कं करायला गंधक, झिंक ऑक्साइड आणि वेग वाढवणारी काही रसायनं लागतात आणि नंतर ठोकळा पाण्याने पुष्कळ धुतात. धुण्यात कंजुषी झाली की वास आणि त्रास दोन्ही उरतात, आणि माझ्या दोन नमुन्यांतला फरक बहुधा यातूनच आला. काही गाद्यांत खनिज तेलापासून केलेलं कृत्रिम लॅटेक्स मिसळलेलं असतं, तेही विचारून घ्यावं. ज्यांना रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगावर गांधी उठतात त्यांनी लॅटेक्सच्या वाटेला जाण्याआधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटलंच पाहिजे. ती अ‍ॅलर्जी चिकातल्या प्रथिनांची असते आणि गंभीर होऊ शकते.

मी गादी घेताना तीन गोष्टींवर अडून बसले. ठोकळा अखंड हवा, म्हणजे आत गोंद नको. खोळ चेनची हवी आणि कापडावर कसलंही औषध, सुगंध, कोरफडीचा लेप वगैरे नको. आणि गादी दाबून, गुंडाळून न पाठवता सपाट पाठवायची. तिसऱ्या अटीसाठी टेम्पोचं भाडं वेगळं पडलं. आलेल्या खोळीचं कापड पॉलिस्टर मिसळलेलं होतं, म्हणून मी मांजरपाट आणून, गरम पाण्यात वासाशिवायच्या साबणाने कांजी पूर्ण निघेपर्यंत धुऊन, ओळखीच्या ताईंकडून नवी खोळ शिवून घेतली. या बदलाने केवढा फरक पडला! लॅटेक्सचा जो गोडसर रबरी वास राहील असं वाटत होतं, त्यातला निम्मा त्या जुन्या खोळीचाच होता. उरलेला जायला संक्रांत उजाडली. तोवर गादी दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून, पंख्याखाली उभी होती आणि आम्ही सतरंजीवर झोपत होतो. लॅटेक्स उन्हात मात्र अजिबात टाकू नये, ऊन लागून ते कडक होतं आणि भुगा पडायला लागतो.

वरच्या कापसाच्या गादीचं श्रेय आमच्या पेठेतल्या गादीवाल्या काकांना. “ताई, नवा कापूस घ्या, मशीनचा वेस्ट नको, त्यात रंगाच्या चिंध्या असतात,” असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. माझ्यासमोर कापूस पिंजला, माझंच धुतलेलं मांजरपाट वापरलं, टाके जवळजवळ घातले. पाचेक किलोची ही गादी मी एकटी उचलून गच्चीत ऊन दाखवू शकते. घामाच्या दिवसांत लॅटेक्सची ऊब जाणवते ती या कापसामुळे कमी होते, आणि धुळीच्या किड्यांसाठीही ऊन चांगलं. चादरी आणि अभ्रे मी दर आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात धुते. कापूस सहा महिन्यांत मधल्या भागात बसला आहे, दिवाळीत पुन्हा पिंजून घ्यावा लागेल.

आरामाचं सांगायचं तर मी कुशीवर झोपते आणि खांदा दुखायचा. लॅटेक्स खांद्याला जागा देतं, पण कंबर खाली जाऊ देत नाही. मी मध्यम घट्टपणा घेतला. नवरा वजनाने जास्त आहे, त्याला अजून थोडी कडक आवडली असती. तो कूस बदलला की मला कळतं, कारण लॅटेक्सला उसळी आहे. वजन हा खरा गैरसोयीचा भाग. पाच फुटी गादीचा ठोकळा तीस किलोच्या आसपास भरतो आणि पकडायला कुठे जागा नाही, चादर बदलताना पाठीला त्रास होतो. किंमत त्याच मापाच्या चांगल्या फोमच्या गादीच्या दुपटीहून जास्त पडली.

उन्हाळ्यात एक नवंच प्रकरण निघालं. एप्रिलमध्ये पुन्हा डोळे चुरचुरायला लागले आणि घरात सगळ्यांचं बोट गादीकडे. मी गादी बाहेरच्या खोलीत जमिनीवर टाकून झोपले तर काही त्रास नाही. मग पलंगाच्या खालचा कप्पा उघडला आणि बंद प्लायचा उग्र वास आला. स्वस्त प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड जोडायला यूरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद वापरतात, उकाड्यात आणि दमट हवेत त्यातून फॉर्मल्डिहाइड जास्त सुटतं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेल्या गटात टाकलं आहे. आता आम्ही सासूबाईंचा जुना सागवानी पलंग वापरतो, पट्ट्यांचा. त्या म्हणाल्याच, “अगं, तो माळ्यावर ठेवलाय कशाला मग?” पट्ट्यांमुळे गादीला खालून हवा मिळते, आणि पावसाळ्यात याचा सर्वांत मोठा उपयोग झाला. आषाढात भिंतीला ओल आली, पण गादीच्या खालच्या बाजूला बुरशीचा ठिपका नाही. दर रविवारी तिची एक बाजू उचलून पंखा लावतो. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना याहून जास्त काळजी घ्यावी लागेल.

घ्यायच्या आधी एक गोष्ट लेखी घ्या. ‘शंभर रात्रींत परत’ असं म्हणणाऱ्या काही कंपन्या गादी घट्ट किंवा मऊ वाटली तर बदलून देतात, पण वासाने त्रास झाला तर ते कारण धरत नाहीत. मी ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याशी ईमेलवर हे आधी स्पष्ट करून घेतलं. मूळ खोळ काढून ठेवली तर वॉरंटी जाते का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. माझ्या बाबतीत जाते असं उत्तर आलं, म्हणून ती धुऊन, घडी करून कपाटात जपून ठेवली आहे.

उशीचा शोध अजून चालू आहे. सध्या सावरीच्या कापसाची वापरते, तिचा मला त्रास नाही, पण ती फार लवकर चपटी होते.