इव्हान सहाव्याचा रुबल घेताय? आधी डबी उघडायला लावा

मॉस्कोत नोकरीला असलेल्या आणि जुन्या नाण्यांचा नाद असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. इथल्या एका जुन्या बाजारात एक विक्रेता गोड बोलून गंडा घालतो.

सुरुवातीला तो खरा मालच देतो. पीटर द ग्रेटच्या काळातले तारेचे कोपेक: चांदीची तार तोडून, चेपून त्या तुकड्यांवर छाप मारायचे, म्हणून माशाच्या खवल्याएवढे आणि वेडेवाकडे. वजन जेमतेम 0.28 ग्रॅम. घरी तोलून पाहिले, अस्सल निघाले. तसेही ते भरपूर मिळतात, स्वस्त असतात. खोटे देऊन त्याला काय मिळणार? गिऱ्हाइकाचा विश्वास बसला की मग रुबल बाहेर येतो.

मला दाखवला तो 1741 चा, इव्हान सहाव्याचा. गोष्टही रंगवून सांगितली: दोन महिन्यांचं बाळ गादीवर बसलं, वर्षभरानं एलिझाबेथनं सत्ता बळकावली आणि त्याची नाणी परत मागवून वितळवायला लावली, म्हणून ती दुर्मीळ. यातला शब्दन् शब्द खरा आहे. नाणं मात्र सीलबंद प्लास्टिकच्या डबीत. "उघडू नका, हवा लागली तर जुनी झाक जाईल." शिवाय, "कुणाला दाखवू नका. शंभर वर्षांवरची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, जप्त होईल." कायदा खरंच तसा आहे. हा तो सांगतो ते गिऱ्हाईक जाणकाराकडे जाऊ नये म्हणून.

घरी डबी फोडली. वजन 22.6 ग्रॅम. 1741 चा रुबल 25.8 च्या आसपास हवा. झिजून इतकं कमी व्हायचं तर चेहरा पुसट झाला असता; इथे बाळराजाच्या माथ्यावरची पानं सुद्धा मोजता येत होती. दोऱ्याला बांधून पाण्यात तोललं तर घनता 8.4 आली. त्या रुबलच्या चांदीची दहाच्या वर येते. पितळ, वरून मुलामा.

जाब विचारला तर म्हणे, "हा नोव्होदेल आहे, अस्सल कुठे म्हणालो?" नोव्होदेल म्हणजे टांकसाळीनंच संग्राहकांसाठी जुन्या नाण्याची नव्यानं पाडलेली प्रत, 1890 मध्ये ती पद्धत बंद झाली. पण अशा रुबलची प्रतसुद्धा चांदीतच पाडायचे. हे म्हटल्यावर त्याला अचानक माझं रशियन कळेनासं झालं. पैसे गेले ते गेलेच.

परवा एका ओळखीच्यानं त्याच्याकडचा फोटो पाठवला: पहिल्या कॅथरिनचा रुबल, तसल्याच डबीत. वजन 28.4 च्या आसपास हवं, हे त्याला कळवलंय. काटा खिशातून घेऊन जा, डबी तिथेच उघडायला सांगा, नाही म्हणाला तर निघा.