छोट्या टाकीसाठी प्लेको: साधा की ब्रिसलनोज?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी साठेक लिटरची माशांची टाकी आहे. प्लेको म्हणजे टाकीतलं शेवाळ खरवडून खाणारा मासा. दुकानात ‘सकर’ म्हणून मिळणारा साधा प्लेको बोटाएवढा दिसतो, पण वाढून फूट-दीड फूट होतो. त्याला इथे कोंडणं मला क्रूरपणाच वाटतो. ब्रिसलनोज ही प्लेकोचीच लहान जात, ती १२ सेंटीमीटरच्या आसपास थांबते. महाग पडला तरी तोच घ्या.

नुसत्या शेवाळावर दोघांचंही पोट भरत नाही. दिवा मालवल्यावर उकळत्या पाण्यातून काढून गार केलेली काकडीची चकती टाकावी, उरलेली सकाळी काढावी. ब्रिसलनोजला खरवडायला लाकूडही हवं. नवा मासा सुरुवातीला लपूनच बसतो. त्याला शोधायला टाकी ढवळू नका. उन्हाळ्यात एअर पंप रात्रंदिवस चालू हवा, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.