"पॅनेल कापून झालं का, सर?"

पॅनेल म्हणजे वैमानिकासमोरचा, डायल बसवायचा पत्रा. विमानाची जुनी उपकरणं विकणाऱ्या एका माणसाने हा प्रश्न मला तीन वेळा विचारला. पहिल्या दोन वेळा मी म्हणालो, "नाही हो, अजून पुठ्ठ्यावरच आहे." तिसऱ्या वेळी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "कापलं! कालच." त्यावर तो हसून म्हणाला, "मग आता उशीर कशाला?" तेव्हा मला ती आपुलकी वाटली. गिऱ्हाइकाची परतीची वाट बंद झाली की नाही, एवढंच तो चाचपत होता, हे कळायला मला चार महिने लागले.

घरी विमान बांधणारे जे कुणी अजून पॅनेलच्या आराखड्यापाशी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांची विमानं उडतायत त्यांनी खुशाल हसावं.

माझं विमान दोन आसनी, धातूचं. पंख, शेपूट, धड ही कामं वर्षं खातात आणि आल्यागेल्याला दाखवण्यासारखं त्यात काही नसतं, रिव्हेटमागून रिव्हेट. पॅनेल म्हणजे विमानाचा चेहरा. म्हणून इंजिन आलेलं नसताना, कॅनॉपी, म्हणजे वरचं पारदर्शक झाकण, बसलेली नसताना मी पॅनेल रंगवत बसलो होतो. बाजारात तुरी असलाच प्रकार. पण आराखडा मात्र मन लावून केला. खऱ्या मापाचा पुठ्ठा कापला. डायलच्या भोकांची ठरलेली दोन मापं असतात, ३.१२५ इंच आणि २.२५ इंच, तेवढ्या कागदी चकत्या करून त्या टाचणीने इकडून तिकडे हलवत राहिलो. सीटवर बसून डोळे मिटायचे आणि हात आपोआप जिथे जाईल तिथे फ्लॅपचा, म्हणजे पंखामागच्या झडपांचा, स्विच. भाची शेजारच्या सीटवर बसायची. "मामा, तू रेडिओला हात लावलास की तुझं कोपर माझ्या थ्रॉटलवर येतं," हे तिने दाखवलं तेव्हा रेडिओ वर सरकला. तिने आराखड्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तशी नोंदही करून ठेवली. डायलमागची खोली मोजली, कारण गायरोचा, म्हणजे आत भिंगरी फिरणाऱ्या उपकरणाचा, डबा समोरून बशीएवढा दिसला तरी मागे नळ्यांसकट वीतभराहून जास्त जागा मागतो आणि तिथेच नेमकी आडवी पट्टी येते. होकायंत्राच्या आसपास लोखंड नको म्हणून पितळी स्क्रू आणले.

एवढं सगळं केलं आणि मग तो आराखडा, खाली उपकरणांच्या यादीसकट, विकणाऱ्याला पाठवून दिला.

जुन्या गोल डायलांचा बाजार कसा चालतो, ते थोडं सांगायला हवं. बरीच विमानं आता डायल सोडून काचेच्या, म्हणजे डिजिटल पडद्यांवर गेली, त्यातून काढलेले गायरो आणि डायल ढिगाने विकायला येतात. हौशी बांधणीच्या विमानात बहुतेक उपकरणांना प्रमाणपत्राची सक्ती नसते, म्हणून आम्ही मंडळी ती घेतो. यात वाईट काही नाही. चांगला माल मिळालेले लोक मी पाहिलेत. पण सक्ती नाही म्हणजे मधे तपासणाराही कुणी नाही, आणि हे विकणाऱ्याला आपल्याआधी माहीत असतं.

माझ्या यादीत नऊ वस्तू होत्या. त्याच्याकडे नऊच्या नऊ निघाल्या. डायलचा रंग तोच, काट्याची तऱ्हा तीच, व्होल्टेजही माझंच, १४. एखादी वस्तू नसती, एखादा डायल वेगळ्या रंगाचा असता, तर ते खरं दुकान वाटायला हवं होतं. मला उलट वाटलं की नशीब उघडलं. फोटो सुंदर होते. प्रत्येक वस्तूला ओव्हरहॉलचा, म्हणजे वर्कशॉपने उघडून दुरुस्त केल्याचा टॅग, टॅगवर सही. दोनदा "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" झालं. आधी अर्धे पैसे, मग भोकांचा साचा त्याने पाठवला, त्यावरून मी २०२४-टी३ ॲल्युमिनियमचा पत्रा कापून घेतला, आणि पत्रा कापल्याचं कळताच उरलेले पैसे मागितले. तेही थेट खात्यात. कार्डाने दिले असते तर निदान तक्रार करायला एक खिडकी राहिली असती.

खोका आला तो मी उघडून, बघून, पुन्हा बंद करून ठेवला. ही सगळ्यात महाग पडलेली चूक. इंजिन नाही, गायरो फिरवणारा व्हॅक्यूम पंप नाही, मग तपासणार कसं, असं मी स्वतःला समजावलं. त्याच्या पावतीवर बारीक अक्षरात होतं: तीस दिवस, आणि पॅनेलला बसवलेली वस्तू परत नाही. मी तर हौसेने पहिल्याच आठवड्यात सगळे डायल बसवून, दिवा लावून फोटो काढले होते.

बिंग फोडलं ते भाचीने, तेही सहज. ती फिजिक्स शिकते. "एअरस्पीडच्या, म्हणजे वेगाच्या डायलला शेवटी दाबच कळतो ना? मग पाण्याने तपासू," म्हणाली. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधली, अर्धी पाण्याने भरली, एक टोक डायलच्या पिटोच्या, म्हणजे समोरच्या वाऱ्याचा दाब जिथून आत येतो त्या तोंडाला. दुसऱ्या एका बंद टोकाच्या मऊ नळीचा फाटा काढून ती पेन्सिलीवर हळूहळू गुंडाळत गेलो की दाब चढतो. तोंडाने फुंकायचं नाही, आतली डबी नाजूक असते. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मिलिमीटरमध्ये मोजायचा. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेसाठी हिशेब सोपा आहे (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल): ६० नॉट्सला सुमारे ६० मिलिमीटर, १०० नॉट्सला सुमारे १६५.

६० मिलिमीटरला काटा ६९ वर गेला. १६५ ला ११५ वर.

मी म्हणालो, नळीत बुडबुडा असेल. पुन्हा केलं. तेच आकडे. भाचीने वहीत भागाकार केला आणि माझ्याकडे बघितलं. ६९ मैल म्हणजे ६० नॉट्स. ११५ मैल म्हणजे १०० नॉट्स. आतलं यंत्र ठणठणीत होतं, चुकत नव्हतंच. ते ताशी मैल दाखवत होतं. डायलवरचं मैलांचं अक्षर खोडून तिथे नॉट्स छापलं होतं. भिंगातून बघितलं तर त्या एका शब्दाचा पांढरा रंग बाकीच्या आकड्यांपेक्षा जरा जास्तच पांढरा.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. उतरताना काटा ६० दाखवतोय म्हणून मी निवांत, आणि विमान खरं ५२ नॉट्सवर. उरलेल्या वेगावर शेवटचं वळण घ्यायचं, आणि वेग फार कमी पडला की पंख विमानाला पेलत नाहीत. पैसे गेले ते गेले, पण त्या संध्याकाळी मी बराच वेळ शेडमध्ये नुसता बसून होतो. शिवाय वेगाच्या मर्यादा दाखवणारे डायलवरचे पांढरे, हिरवे, पिवळे पट्टे कुठल्या तरी दुसऱ्याच विमानाचे होते. ते पट्टे विमानागणिक बदलतात. जुना डायल घेताना ते आपले नसणारच, यात विकणाऱ्याचा दोष नाही. मलाच ते आधी सुचलं नव्हतं.

मग एकेक करून सगळंच पॅनेलवरून उतरवलं.

कृत्रिम क्षितिज म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारा डायल; त्याचा गायरो हवेच्या खेचीवर फिरतो, साधारण ५ इंच पाऱ्याएवढ्या. घरातला व्हॅक्यूम क्लीनर थेट लावला तर खेच फार होते, म्हणून नळीला बाजूला भोकं ठेवून, मधे गेज लावून ती ५ वर आणली. पाच मिनिटांत क्षितिज उभं राहायला हवं. ते डाव्या अंगावर कलंडूनच राहिलं. आणि हवा बंद केल्यावर जो आवाज आला, तो मी विसरणार नाही. चांगला गायरो हवा तुटल्यावरही कित्येक मिनिटं गुणगुणत फिरत राहतो. हा दीड मिनिटात खरखरत थांबला. बेअरिंग गेलेलं, बहुधा कधी तरी टेबलावरून पडलेला. गायरोला एक पडणं पुरतं, बाहेरून पोचाही दिसत नाही. त्यातून तो आठ अंश कललेल्या पॅनेलसाठी बनवलेला होता, माझं पॅनेल सरळ उभं. म्हणजे निरोगी असता तरी सरळ उडताना नाक कललेलंच दाखवत राहिला असता. हे मी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं. ही फसवणूक की माझं अज्ञान, ते मी ठरवू शकलेलो नाही.

आल्टिमीटर, म्हणजे उंचीचा डायल, त्या मानाने बरा निघाला. दिवसाचा दाब लावून आपल्या जागेच्या उंचीशी ताडून बघितला, दीडशे फूट चूक. टिचकी मारली की काटा सरकून चूक नव्वदवर यायची. साधारण ७५ फुटांपलीकडे फरक गेला की त्यावर विसंबत नाहीत. टिचकीने सरकणारा काटा म्हणजे आत काही तरी अडतंय.

रेडिओ चालू होता, खोटं नाही. फक्त ३६० चॅनेलांचा. म्हणजे ५० किलोहर्ट्झच्या पावलांनी चालणारा, त्या काळचा. आज कितीतरी हवाई केंद्रं त्याच्या पावलांच्या मधेच पडतात, आणि युरोपात तर ८.३३ किलोहर्ट्झवर गेलेत. शोभेला चांगला आहे.

यादीतला खेच दाखवणारा छोटा गेज बघून भाची थबकली. आकड्यांचा रंग तपकिरी पडलेला, अंधारात अजिबात न चमकणारा. तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरसमोर धरला, तो कडकडायला लागला. जुन्या लष्करी डायलांवर अंधारात चमकण्यासाठी किरणोत्सर्गी रेडियमचा रंग असायचा. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं, असं नसतं. दमतो तो त्यातला झिंक सल्फाइड. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. असा डायल हाती आला तर काच उघडून रंग खरवडू नका. आतली धूळ श्वासात जाणं, हा खरा धोका. माझा मी डबाबंद करून रीतसर विल्हेवाटीला दिला, त्याचाही खर्च मलाच.

राहिले ते टॅग. एवढ्या देखण्या सह्या असलेले कागद मी आयुष्यात पाहिले नव्हते. टॅगवरचा अनुक्रमांक आणि डब्यावरच्या पाटीवरचा अनुक्रमांक जुळवून बघायला अर्धं मिनिट लागतं. नऊपैकी पाच जुळत नव्हते. टॅगवर ज्या वर्कशॉपचं नाव होतं तिथे फोन केला. त्या बाई भल्या होत्या, त्यांनी नोंदी काढून बघितल्या. माझ्या गायरोच्या टॅगवरचा क्रमांक त्यांच्याकडे एका आल्टिमीटरच्या नावावर होता. "हे काम आमचं नाही हो. याआधीही दोघांनी असंच विचारलं," म्हणाल्या. हा फोन मी पैसे देण्याआधी केला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता. आणखी एक खूण आता ओळखायला शिकलोय: डब्याच्या मागच्या स्क्रूंवर छेडछाड कळावी म्हणून रंगाचा ठिपका देतात. माझ्या डब्यांवर ठिपके ताजे होते आणि त्यांच्याखाली स्क्रूच्या खाचेत जुना मळ तसाच. खरोखर उघडलेल्या स्क्रूच्या खाचेत मळ उरत नाही.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, कुरिअरमध्ये आपटलं असेल. दुसऱ्यांदा म्हणाला, "सर, तुम्ही तर बसवलंय ना, फोटो तुम्हीच मला पाठवलेत." पाठवले होते, कौतुकाने. तिसऱ्यांदा फोन लागला नाही. तक्रार दिली आहे. पैसे परत येतील या आशेवर मी नाही.

पॅनेल आता नव्याने केलं, आणि या वेळी तीन तुकड्यांत. मधला तुकडा स्क्रूंवर, म्हणजे उपकरण बदललं तर तेवढाच पत्रा वाया जाईल. मधल्या तुकड्याला अजून एकही भोक पाडलेलं नाही. वस्तू हातात, तपासून, मगच करवत. इंजिन आल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय; कोरा पत्रा बघून येणारे-जाणारे हळहळतात. जुन्या पॅनेलमधून फक्त होकायंत्र वाचलं, ते मी दुसरीकडून घेतलं होतं. नळीची फळी भिंतीवर टांगली आहे. ओळखीतल्या दोघांनी आपापले डायल आणून तिच्यावर लावून पाहिले, एकाचा बरोबर निघाला.

मागच्या आठवड्यात त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली, नाव बदलून. सोबत "आमच्या एका समाधानी ग्राहकाचं पॅनेल" म्हणून एक आराखडा जोडलाय. उजव्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, "मामाचं कोपर!!" तो आराखडा कुणाला दाखवला गेला, तर तो माझा आहे, आणि त्यातला एअरस्पीड मैलांत आहे.