क्रोनी वापरत असाल तर लीप सेकंदची ही एक ओळ टाकाच

सर्व्हरचं घड्याळ सांभाळायला मी बरीच वर्षं क्रोनी हे सॉफ्टवेअर वापरतोय, पण लीप सेकंदला (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला अधूनमधून घालतात तो जादाचा सेकंद) ते नेमकं काय करतं हे परवा पहिल्यांदा नीट बसून बघितलं.

नेटपासून तोडलेल्या दोन टेस्ट मशीन घेतल्या, एकीला टाइम सर्व्हर केलं, तारीख लावली 31 डिसेंबर 2016, शेवटचा लीप सेकंद तेव्हाच आला होता, 1972 पासूनचा 27वा. आधी काहीच न बदलता चालवलं, म्हणजे डिफॉल्ट सिस्टम मोड. यूटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे, रात्रीचे बारा वाजले आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) घड्याळ सरळ एक सेकंद मागे ओढलं, 23:59:59 दोनदा आलं. लॉगमध्ये वरची ओळ 59.9 ची आणि तिच्याखालची 59.1 ची, म्हणजे नंतर घडलेलं आधी घडल्यासारखं दिसतंय, आणि दोन वेळांची वजाबाकी करणाऱ्या माझ्या स्क्रिप्टने चक्क मायनस उत्तर दिलं. चालू सिस्टमवर हे झालं असतं तर शोधत बसलो असतो.

मग कॉन्फिगमध्ये एकच ओळ घातली, लीपसेकमोड स्ल्यू. आता घड्याळ मागे जातच नाही, बारानंतर थोडं हळू चालतं आणि लिनक्सवर साधारण 12 सेकंदांत तो जादाचा सेकंद जिरवून टाकतं. तेवढा वेळ घड्याळ खऱ्या वेळेच्या जरा पुढे असतं, माझ्या कामाला ते चालतं. शिवाय क्रोनिसी ट्रॅकिंग ही कमांड मारली की लीप स्टेटसमध्ये 'इन्सर्ट सेकंद' आधीच दिसतं, हे मला फार आवडलं.

खटकलं ते स्मिअरिंग. सर्व्हरवर स्मूदटाइम ही सेटिंग लावून सेकंद बऱ्याच तासांवर पसरवता येतो, सोय भारी आहे, पण आकडे काय घालायचे ते मॅन्युअल दोनतीनदा वाचल्याशिवाय कळत नाही. आणि एक जपा, स्मिअर करणारे आणि साधे सर्व्हर एकाच यादीत घालू नका. गूगलचे सर्व्हर दुपार ते दुपार 24 तासांत सेकंद पसरवतात, तेव्हा साध्या सर्व्हरशी अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो आणि खरं कोण हे क्रोनीला ठरवता येत नाही.

2035 पर्यंत लीप सेकंदची पद्धत बदलायचं 2022 मध्ये ठरलंय खरं, पण तोवर एखादा येऊ शकतो. 2012 च्या लीप सेकंदला लिनक्स कर्नलमधल्या बगमुळे कितीतरी सर्व्हरचा सीपीयू शंभर टक्क्यांवर अडकला होता, म्हणून मी तरी सगळ्या मशीनवर ती ओळ आजच टाकली.