राउटर: रीस्टार्ट की रीसेट?

नेट रखडलं की आधी रीस्टार्ट. स्विच बंद करा, ३० सेकंद थांबा, चालू करा. वायफायचं नाव, पासवर्ड जिथल्या तिथे राहतात.

रीसेटचं तसं नाही. मागच्या बारीक भोकात पिन घालून साधारण १० सेकंद दाबली की सगळं पुसलं जातं, पीपीपीओईचं (म्हणजे कंपनीच्या नेटला जोडणाऱ्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी हा जोडणीचा क्रमांकसुद्धा. हे लिहून ठेवलं नसेल तर दादर असो वा दहिसर, कंपनीचा माणूस येईपर्यंत बसा! त्यामुळे अ‍ॅडमिन पासवर्ड (राउटरच्या सेटिंग्ज उघडायचा) विसरलात किंवा सेटिंग्ज पार बिघडल्या, तरच रीसेट.

पावसात फायबर तुटून एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल झाला असेल, तर दोन्ही उपाय फुकट. आणि फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट चालू असताना कशालाच हात लावू नका. अर्धवट राहिलं तर राउटर कायमचा बंद पडू शकतो.