लसूण, हळद की तयार अर्क: माशांच्या खाद्यात काय मिसळावं?

माशांच्या खाद्यात प्रतिजैविकांऐवजी मिसळायला लसूण बरा की हळद, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुमचं खाद्य येतं कुठून? तयार पेलेट (खाद्याच्या गोळ्या) आणता की पीठ मळून स्वतः बनवता? अर्धा निर्णय त्यावरच ठरतो. तरंगते पेलेट एक्सट्रूडर या दाबयंत्रातून निघतात तेव्हा तापमान 100 अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. वनस्पतीतले उडून जाणारे, उष्णतेनं बिघडणारे घटक पिठातच घातले, तर त्यांचा मोठा हिस्सा तिथेच वाया जातो. माशाच्या तोंडात जे पोचतं तेवढंच कामाचं.

तयार पेलेट वापरणाऱ्याला माझी पहिली शिफारस लसणाची. त्यातला ॲलिसिन हा जिवाणूरोधक घटक अख्ख्या पाकळीत नसतोच. पाकळी ठेचली की ॲलिइन हा घटक आणि ॲलिइनेज हे विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि मग तो तयार होतो. म्हणून ठेचून 10 मिनिटं ठेवायचा, मग तेलात कालवून पेलेटवर चोळायचा आणि सावलीत सुकवायचा. ठेचल्याबरोबर उकळला तर विकर मरतं आणि हाती नुसता वास उरतो. तिलापियावाल्यांनी तर हे नक्की पाळावं. तिलापियाच्या जठरात तीव्र आम्ल असतं आणि हे विकर आम्लात टिकत नाही, त्यामुळे ॲलिसिन बाहेरच तयार झालेला हवा. रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांना जठरच नसतं, तिथे ही अडचण कमी.

प्रयोगांत लसूण पूड बहुधा किलोभर खाद्याला 5 ते 30 ग्रॅम दिलेली दिसते. मी 10 ग्रॅमपासून सुरुवात करेन. ताज्या लसणात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे 10 ग्रॅम पुडीच्या जागी ताजा साधारण 25 ग्रॅम धरावा. लसणाचा आणखी एक गुण म्हणजे त्याच्या वासानं मासे खाद्याकडे ओढले जातात. लसणाचा तोटा मेहनतीचा आहे. ॲलिसिन टिकत नाही, त्यामुळे लागेल तेवढाच लसूण त्या त्या दिवशी ठेचावा लागतो. रोज शंभर किलो खाद्य टाकणाऱ्याला हे झेपणार नाही. त्यानं कमी तापमानात वाळवलेली पूड घ्यावी.

हळद टिकाऊ आणि हाताळायला सोपी. पण तिच्यातला कामाचा घटक, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आतड्यातून फार कमी शोषलं जातं. शिवाय पुडीत ते असतंच सुमारे 3 टक्के. म्हणून तेल हवंच. एक साधी परीक्षा करा. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात कोरडी हळद नुसती चोळलेले पेलेट टाका, दुसऱ्यात हळद तेलात कालवून लावलेले. पहिल्या पेल्यात पेलेटभोवती लगेच पिवळा ढग उठतो. तळ्यात नेमकं हेच होत असतं आणि आपल्याला वाटतं, मासे हळद खात आहेत! दुसऱ्या पेल्यातलं पाणी बराच वेळ स्वच्छ राहिलं तर तुमचं मिश्रण जमलं. हळकुंडं आणून स्वतः दळा, हे मी आग्रहानं सांगतो. रंग खुलवायला पुडीत लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं उघड झालेली आहेत, आणि त्यातलं शिसं शेवटी मासा खाणाऱ्याच्या पोटात जाऊ शकतं.

ओरेगॅनो, थाइम यांच्या तेलांपासून बनवलेल्या तयार उत्पादनांत कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल असतात. ते जिवाणूच्या पेशीचं आवरणच फाडतात, मात्राही अगदी थोडी लागते. उडून जाऊ नये म्हणून घटक सूक्ष्म कवचात बंद केलेलं उत्पादन निवडावं. मोठ्या प्रमाणावर खाद्य बनवणाऱ्याला हाच पर्याय सोयीचा, कारण प्रत्येक पोत्यात घटक तेवढाच मिळतो. घरच्या पुडीत ती खात्री नसते. मात्र पाकिटावर कोणता घटक किती टक्के हे लिहिलेलं नसेल, तर ते परत ठेवा.

आलं चालतं, पण लसूण असताना त्याची वेगळी गरज मला वाटत नाही. कडुनिंब मी खाद्यात घालणार नाही. कडवटपणामुळे मासे खाणं कमी करतात, आणि जास्त मात्रेत कडुनिंबाचा अर्क माशांना विषारी ठरतो. 'नैसर्गिक आहे, मग अपाय कसला' असं म्हणणाऱ्यांनी चहाच्या बियांची पेंड आठवावी. कोळंबीच्या तळ्यातले नको असलेले मासे मारायला ती वापरतात, आणि मारणारा घटक म्हणजे वनस्पतीतलंच सॅपोनिन.

युरोपियन युनियननं 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं, तेव्हापासून या पर्यायांकडे ओढा वाढला. तरी हे औषध समजून घेऊ नका. आजारी मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो, मग खाद्यातून त्याच्यापर्यंत काय पोचणार? बीज (माशांची पिल्लं) तळ्यात सोडण्याआधी, विरळणी किंवा वाहतुकीआधी, ऋतू पालटताना असं चार ते सहा आठवडे द्यावं आणि मग खंड घ्यावा. पाण्यात प्राणवायू कमी आणि अमोनिया जास्त असेल, तर आधी तिकडे धावा.

ठरवण्यापूर्वी हापे (तळ्यात बांधायचे जाळीचे पिंजरे) लावून पाहा: तीन साध्या खाद्याचे, तीन मिसळलेल्या खाद्याचे, बीज एकाच आकाराचं, मुदत दोन महिने. समजा 120 किलो वाढीला साधं खाद्य 180 किलो लागलं, म्हणजे एफसीआर (किलोभर वाढीला लागणारं खाद्य) 1.5. मिसळलेलं 168 किलोत भागलं, तर तो 1.4 झाला आणि 12 किलो खाद्य वाचलं. 168 किलोंवर 12 किलोंची बचत म्हणजे चौदावा हिस्सा. मिसळण्याचा किलोमागचा खर्च, त्यात लसूण सोलणाऱ्याची मजुरीही धरून, खाद्याच्या दराच्या चौदाव्या हिश्शाहून कमी असेल तरच निव्वळ वाढीच्या हिशेबात तो परवडतो. मरतूक कमी झाली असेल तर तिचा हिशेब वेगळा मांडा, म्हणून दोन्हीकडचे मेलेले मासे रोज मोजून वहीत लिहीत जा.