डाकघर, वसुली की बुटीबोरी? मन लागलं की काम होतंच का?

घरी चार-पाच एकर कोरडवाहू वावर. कापूस-सोयाबीनवर घर चालतं, पण पुढं सरकत नाही. अशा घरातल्या बारावी किंवा पदवी झालेल्या पोरापोरींना यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या खेड्यांत आज साधारण तीन नोकऱ्या हाताच्या अंतरावर दिसतात: ग्रामीण डाक सेवक, मायक्रोफायनान्समधला, म्हणजे बायांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीतला, हप्ते वसूल करणारा फील्ड ऑफिसर, आणि नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतलं कंत्राटी काम. चौथी जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यातली, पण ती हंगामी, म्हणून तिच्यावर थोडंच लिहितो. एमपीएससीचा हिशेब इथं मांडत नाही. ती नोकरी नव्हे, तपश्चर्या आहे.

पानठेल्यावर विषय निघाला की दोन मतं ऐकू येतात. एक जुनं: "पगार पाह्य नं बे, मन तं मंग लागतेच." दुसरं मोबाईलवरच्या भाषणांतून आलेलं: आवडीचं काम धरा, काम आपोआप उत्तम होईल. दोन्ही अर्धवट आहेत. दुसरं जास्त फसवं, कारण ते ऐकायला गोड लागतं.

समाधान आणि कामगिरी यांचं नातं किती घट्ट, हे मोजण्याचा खटाटोप मानसशास्त्रज्ञ कित्येक दशकं करत आले आहेत. १९५५ मध्ये ब्रेफील्ड आणि क्रॉकेट यांनी तोवरचे अभ्यास चाळले, तर म्हणण्यासारखा संबंध त्यांना दिसला नाही. १९८५ मध्ये इयाफाल्डानो आणि मुचिन्स्की यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून आकडा काढला, तो ०.१७ निघाला. २००१ मध्ये जज आणि सहकाऱ्यांनी ३१२ नमुने आणि ५४ हजारांवर माणसं धरून तोच हिशेब नव्यानं केला, तेव्हा ०.३० आला. इथं शून्य म्हणजे नातं नाही आणि एक म्हणजे पक्कं नातं. ०.३० म्हणजे माणसामाणसाच्या कामात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के वाटा समाधानाशी जोडता येतो. बाकीचा कौशल्य, साधनं, साहेब, तब्येत, नशीब यांच्यात वाटला जातो.

पण त्याच अभ्यासात नोकरी निवडणाऱ्याच्या उपयोगाची गोष्ट आहे. जिथं काम गुंतागुंतीचं आहे, स्वतःचं डोकं चालवावं लागतं, तिथं हा आकडा ०.५२ पर्यंत गेला. साध्या, ठरीव कामांत तो ०.२९ वर थांबला. कारण उघड आहे. पट्ट्यावरून येणाऱ्या मालाचा वेग यंत्र ठरवतं, तुमचा मूड नव्हे. दुसरी गोष्ट लॉलर आणि पोर्टर यांनी १९६७ मध्येच मांडली होती: समाधानामुळं काम चांगलं होतं यापेक्षा चांगलं काम झालं, त्याचं काही फळ पदरात पडलं आणि मग समाधान आलं, असा क्रम जास्त पटतो. म्हणून नोकरी निवडताना "मला हे आवडेल का" यावर रात्र घालवू नका. इथं मी चांगलं काम केलं तर ते कोणाला दिसेल आणि त्यातून माझ्या वाट्याला काय येईल, हे आधी विचारा. तिन्ही नोकऱ्या मी याच प्रश्नावर घासून पाहिल्या.

डाकघर

ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीला परीक्षा नाही. दहावीच्या गुणांवर यादी लागते. वय १८ ते ४०, राखीव प्रवर्गांना सवलत, आणि दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकलेली हवी. डाक सेवकांतला जो गावचं डाकघर सांभाळतो, त्या शाखा डाकपालाचं मूळ मानधन १२,००० पासून २९,३८० रुपयांपर्यंत, सहायक शाखा डाकपाल आणि डाक सेवकाचं १०,००० पासून २४,४७० पर्यंत. वर केंद्राच्या दरानं महागाई भत्ता मिळतो, जो जानेवारी २०२४ मध्येच ५० टक्के झाला होता. काम चार ते पाच तासांचं, म्हणजे वावर सोडावं लागत नाही. उलट पोटापाण्याचं दुसरं साधन असावं अशीच खात्याची अट आहे. ६५ व्या वर्षापर्यंत काम करता येतं. पण हे नियमित सरकारी पद नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगून टाका. नाहीतर सोयरीक जुळवताना 'पोष्टात सरकारी नोकरी' म्हणून सांगतात आणि पुढं वांधे होतात.

१९७० च्या दशकात हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी माणसाचं मन कोणत्या कामात लागतं याच्या पाच खुणा सांगितल्या: कामात विविधता, सुरुवातीपासून शेवटापर्यंत काम आपल्या हातात असणं, त्याचा कुणाला तरी खरा उपयोग, स्वतः ठरवण्याची मोकळीक, आणि काम बरं झालं की नाही हे लगेच कळणं. शाखा डाकपालाच्या खोलीत या पाचही सापडतात. सकाळी टपालाची थैली फोडायची. मग सुकन्याचं खातं, आवर्त ठेवीचा हप्ता, ग्रामीण डाक जीवन विम्याचा प्रीमियम, आणि आधारवरून पैसे काढायला आलेली म्हातारी. निराधार योजनेचे पंधराशे घ्यायला ती दोन कोसांवरून आलेली असते. जन्मभर वेचणी-निंदणी करून बोटांच्या रेषा घासून गेलेल्या. यंत्र अंगठा घेत नाही. डाकपाल तिचं बोट ओल्या फडक्यानं पुसतो, दुसरं बोट लावून पाहतो, मग तिसरं. यंत्रानं एकदाचं घेतलं की ती नोटा मोजत नाही, तशाच पदराच्या गाठीत बांधते. काम कसं झालं हे कळायला इथं साहेबाचा शेरा लागत नाही.

आता उलट बाजू. नेटवर्क गेलं की पूर्ण दिवस जातो आणि बोलणी खावी लागतात ती गावाची. खाती उघडण्याची, विम्याची टार्गेटं वरून येतात, मेळावे लागतात, आणि कागदावरचे चार तास कागदावरच राहतात. डाकपालाला कार्यालयाची जागा स्वतः पाहावी लागते आणि त्याच गावात राहावं लागतं. अर्जात पसंती भरता येते, पण दहावीचे गुण बेताचे असतील तर मिळणारं गाव आपल्या गावापासून फार लांबचं असू शकतं. तेव्हा 'वावरही होतं, नोकरीही होते' हा सगळा हिशेब कोसळतो. माझ्या मते या नोकरीचा निम्मा फायदा गाव जवळचं मिळण्यात आहे. ते नसेल तर ती अर्ध्या किमतीची.

मायक्रोफायनान्स

इथं नोकरी लवकर लागते. फटफटी आणि लायसन असलं की अर्धी मुलाखत झाली. ठरीव पगार, वर इन्सेंटिव्ह, पेट्रोलचे पैसे. कामात डोकं लागतं, माणसं ओळखावी लागतात, आणि काम कसं चाललंय हे रोज संध्याकाळी वसुलीच्या टक्क्यांत दिसतं. म्हणजे वरच्या पाच खुणांपैकी तीन-चार इथंही भरतात. मग पोरं वर्ष-दोन वर्षांत का सोडतात?

कारण वसुलीचा आकडा फील्ड ऑफिसरच्या नावावर लिहिला जातो, पण तो ठरवतो पाऊस आणि कापसाचा भाव. आपल्याकडं रोकड हातात येते दसरा-दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. हप्ता मात्र बाराही महिने चालू असतो. जुलै ते सप्टेंबर बियाणं, खत, फवारणीत घर रिकामं झालेलं असतं आणि नेमक्या त्याच दिवसांत वसुली खाली येते. फील्ड ऑफिसर तितकाच राबतो, कदाचित जास्तच, पण कागदावर तो नापास. बोंडअळीच्या वर्षी तर विचारायलाच नको. चांगलं काम आणि चांगला निकाल यांची अशी ताटातूट झाली की समाधान कुठून येणार?

मीटिंग कशी असते ते पाहा. समाजमंदिराच्या ओट्यावर दहा-बारा बाया बसलेल्या. एकीचा हप्ता कमी पडला. बाकीच्यांनी मिळून भरावा, ही अलिखित अपेक्षा. ऑफिसर वहीवर पेन ठेवून बसतो, कोणाला उठू देत नाही. बायांची मजुरीला जायची वेळ टळत चाललेली. शेवटी कोणीतरी कनवटीचे दोनशे काढून देते. वसुली शंभर टक्के. ऑफिसर खेडवळ पोरगाच असतो, त्यातली एखादी बाई त्याच्या मावशीच्या गल्लीतली असते. पोळ्याला त्याच गावात त्याला तोंड दाखवायचं असतं.

रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या निर्देशांत यावर बरेच बांध घातले आहेत. तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबालाच हे कर्ज, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन नाही, धाकदपटशा नाही. मुलाखतीला जाल तिथल्या शाखेत हे नियम कितपत पाळतात, ते मॅनेजरला विचारू नका, तो पाळतो असंच म्हणेल. तिथल्याच जुन्या ऑफिसरसोबत एक दिवस फिरून या. एखाद्या शाखेत माणसाला माणूस समजणारा मॅनेजर असतो, आणि तिथं हीच नोकरी वेगळी होते. बोलका, हिशेबात पक्का पोरगा तिथून पुढं शाखा सांभाळेपर्यंत जातो, हेही खरं. पण मॅनेजर बदलतात.

बुटीबोरी

नागपूर-वर्धा रस्त्यावरची ही एमआयडीसी. कंपनीची बस किंवा भाड्याची खोली, पाळी, ठेकेदाराचा गेटपास. कामात मोकळीक जवळजवळ नाही आणि आवडीनिवडीचा कामाच्या वेगावर फारसा परिणाम होत नाही, कारण वेग लाइन ठरवते. नाराजी इथं दांडीत आणि नोकरी सोडण्यात दिसते. पेरणीच्या आठवड्यात आणि पोळ्याला लाइनवरची किती माणसं गळतात, ते कुठल्याही सुपरवायझरला विचारा.

तरी या नोकरीला मी नाक मुरडणार नाही. गेटच्या बाहेर पडलं की काम संपलं. रात्री साडेदहाला कुणाच्या हप्त्याची काळजी नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, घरच्यांचं औषधपाणी येतं, तेही पगारातून पाऊण टक्का कापून. पीएफ १२ टक्के कापला जातो, तेवढाच मालकानंही भरायचा असतो. फक्त तो खरंच भरला जातो की नाही, हे दर महिन्याला पासबुक उघडून पाहा. कापून न भरणारे ठेकेदार आहेत. आयटीआय झालेला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन असाल तर गोष्ट बदलते: बिघाड शोधण्याचं काम हे डोक्याचं काम, आणि तिथं मन लागलेल्या माणसाचा फरक लगेच दिसतो. हेल्पर म्हणून जाणार असाल तर मन लागेल ही अपेक्षा घरी ठेवून जा, म्हणजे त्रास कमी होईल.

जिनिंगचं थोडक्यात. दिवाळीच्या सुमारास सुरू, उन्हाळा लागता लागता बंद. हमालीत तब्येत जाते. पण कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या हाताखाली शिकायला मिळालं तर सोडू नका. मूठभर कापूस दाबून ओल किती ते सांगणं, बोटांनी धागा ओढून लांबी पाहणं ही कसबं आहेत. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओल प्रमाण धरतात, १२ च्या वर गाडी परत जाते. त्यामुळं त्या मुठीला किंमत आहे.

पगाराचं काय?

मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सुमारे दोनशे अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारून सांगितलं की कमी पगार, वाईट साहेब, अस्थिरता यांनी माणूस नाराज होतो, पण या गोष्टी सुधारल्या म्हणून तो खूश होतोच असं नाही. खुशी कामातून येते. यावर आक्षेप निघाला की चांगलं झालं ते माझ्यामुळं आणि वाईट झालं ते परिस्थितीमुळं, असंच माणूस सांगणार. सोयाबीन पिकलं तर आपली मेहनत, गेलं तर पाऊस. आक्षेप रास्त आहे. शिवाय पिट्सबर्गच्या अभियंत्याच्या डोक्यावर सोसायटीचं थकीत पीककर्ज नव्हतं. ज्या घरात बहिणीचं लग्न ठरलंय, त्या घरातल्या पोरानं 'कामाचा अर्थ' शोधत बसणं मला पटत नाही. त्यानं वसुलीची किंवा बुटीबोरीची नोकरी धरावी, पण किती दिवस ते आधी ठरवून.

माझा कौल असा. ओलिताची सोय असलेलं थोडं वावर आणि दहावीला भरघोस गुण असतील, तर डाकघर, दुसरा विचार नको. पोरींसाठी तर आणखीच, कारण रात्रपाळी नाही आणि अनोळखी गावांत फटफटीवर वसुलीला फिरणं नाही. आयटीआय असेल तर बुटीबोरी, मात्र ट्रेडच्याच कामावर. मायक्रोफायनान्स माझ्या यादीत शेवटी. गेलात तर शक्यतो आपल्या तालुक्याबाहेरची शाखा मागून घ्या.

आणि कुठंही रुजू झालात तरी डाक सेवकाची जाहिरात निघाली की अर्ज भरा. शुल्क १०० रुपये आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना तेही नाही. पसंतीक्रम भरताना आपल्या एसटीच्या मार्गावरची गावं आधी टाका, बाकीची मागून.